बसून चालवता येणारी इलेक्ट्रिक सुटकेस : दहा वर्षांत खरोखर काय सुधारले?

दूरचा प्रवासी, पुणे (प्रश्न)

नमस्कार. आमची मुलगी शिकागोला राहते आणि वर्षातून एकदा तरी आम्हा उभयतांचे तिकडे जाणे होते, कधी फ्रँकफुर्टमार्गे तर कधी लंडनमार्गे. माझे वय ६३ असून उजव्या गुडघ्याची बरीच झीज झाली आहे. रोजचे हिंडणे-फिरणे व्यवस्थित चालते. मात्र फ्रँकफुर्टला ए आणि बी या विभागांना जोडणारा तो लांबलचक बोगदा पार करताना, किंवा मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये नेमके शेवटचे गेट वाट्याला आले की, पाय कुरकुरू लागतो. व्हीलचेअर मागवावी असे घरचे सांगतात, पण चालता येत असताना खुर्चीत बसून दुसऱ्याकडून ढकलून घेणे माझ्या मनाला पटत नाही.

बसून चालवता येणारी सुटकेस मी प्रथम २०१७ साली एका परिचितांकडे पाहिली होती. कळ दाबताच ती असा झटका देऊन निघाली की मी मागच्या मागे पडता पडता वाचलो, आणि तेव्हापासून हा प्रकार श्रीमंतांचे खेळणे म्हणून मी डोक्यातून काढून टाकला. गेल्या खेपेला मात्र विमानतळावर अशा तीन-चार बॅगा सहजपणे फिरताना दिसल्या आणि पुन्हा मोह झाला. मधल्या काळात या वस्तूत खरोखर सुधारणा झाली आहे की केवळ तिचे दर्शन वाढले आहे, विमान कंपन्या ती आत नेऊ देतात का, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला तिचा उपयोग होतो का, हे प्रत्यक्ष वापरलेल्या सभासदांनी सांगावे, ही विनंती.

प्रवासिनी, ठाणे

नमस्कार काका. मी नोकरीनिमित्त सतत प्रवासात असते आणि या जातीच्या दोन बॅगा वापरून झाल्या आहेत. पहिली साधारण तुम्ही म्हणता त्याच काळातली होती आणि दुसरी २०२४ मध्ये घेतलेली, त्यामुळे दोहोंतला फरक हाताशी आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही.

तुम्हाला बसला तो झटका आता राहिलेला नाही. जुन्या बॅगेत कळ म्हणजे केवळ चालू आणि बंद एवढेच होते. नव्या बॅगेत अंगठ्याने जितके दाबाल तितकाच वेग वाढतो, आणि अंगठा उचलला की बॅग आपोआप हळू होते. दांडा पूर्वी सुटकेसच्या साध्या ओढदांड्यासारखाच लवलवता होता. आता तो जाड असतो आणि आडव्या मुठीसह वर येतो. काही मॉडेलांत त्याबरोबर पुढची चाकेही थोडी बाहेर सरकतात, त्यामुळे बसल्यावर तोल पुढे जात नाही. ओढण्याची बॅग आणि बसण्याचे वाहन ही दोन रूपे एका वस्तूत बसवताना जी तारांबळ जुन्या बॅगेत दिसे, ती बरीच निस्तरली आहे.

परंतु माझ्या मते सर्वांत मोठी सुधारणा चालवण्यात झालेली नाही, ती बॅटरीच्या झाकणात झाली आहे. माझ्या पहिल्या बॅगेची बॅटरी अस्तराखाली होती आणि तिच्यावर चार बारीक स्क्रूंचे झाकण होते. एकदा काउंटरवर ती बॅग चेक-इनला द्यावी लागली. तेथील बाईंनी शांतपणे बॅटरी काढून हातात घ्यायला सांगितले, आणि स्क्रूड्रायव्हर होता तो नेमका दुसऱ्या बॅगेत, म्हणजे पट्ट्यावरून केव्हाच पुढे गेलेला. शेवटी शेजारच्या दुकानातून मागून आणलेल्या नेलकटरच्या टोकाने मी ते स्क्रू काढले. मागची रांग काय बोलत होती ते येथे लिहिण्याजोगे नाही. नव्या बॅगेत बाजूला एक खाच आहे. खटका दाबला की बॅटरी चष्म्याच्या घरासारखी अलगद हातात येते. पाच सेकंदांचे काम आहे.

ही सुधारणा कोणा कंपनीच्या सद्बुद्धीने झालेली नाही. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले की, ज्या बॅगेतून लिथियम बॅटरी काढता येत नाही ती बॅग १५ जानेवारी २०१८ पासून स्वीकारली जाणार नाही. कारण साधे आहे. लिथियम बॅटरीने केबिनमध्ये पेट घेतला तर कर्मचाऱ्यांना निदान ती दिसते आणि विझवता येते. सामानाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. त्या निर्णयानंतर काही महिन्यांतच ब्लूस्मार्ट आणि रॅडेन या दोन नावाजलेल्या स्मार्ट बॅग कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या बॅगा बसून चालवण्याच्या नव्हत्या, पण धडा या क्षेत्रातील सर्वांनीच घेतला.

आता वाईट बातमी. माझी बॅग रिकामी असताना नऊ किलोंच्या आसपास भरते. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीसाठी हातातील सामानाची मर्यादा सात किलो आहे, म्हणजे एक रुमालही न ठेवता ती दोन किलोंनी जास्तच होते. काउंटरवर वजन केले की ती चेक-इनला जाते, आणि ती चेक-इनला गेली की ज्या अंतरासाठी ती घेतली ते काउंटरपासून गेटपर्यंतचे अंतर बॅटरी हातात धरून पायीच कापावे लागते. माझ्या बाबतीत हे दोनदा झाले आहे.

यंत्रकार, भोसरी

प्रवासिनीताईंनी वजनाचा मुद्दा काढला आहे, म्हणून त्यामागचे गणित मांडतो. मी मोटरच्या धंद्यात आहे, बॅगेच्या नाही, त्यामुळे कोणाची भलामण करण्याचे मला कारण नाही.

सुटकेसला इंजिन लावण्याची हौस जुनी आहे. जपानच्या माझदा कंपनीतील अभियंत्यांनी १९९१ मध्ये कंपनीअंतर्गत स्पर्धेसाठी ५७ बाय ७५ सेंटिमीटरच्या सुटकेसमध्ये ३४ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन बसवून तीन चाकांची गाडी केली होती. ती ताशी ३० किलोमीटर धावत असे आणि तिचे वजन ३२ किलो होते. विमानात पेट्रोल न्यायचे कसे, हा प्रश्न स्पर्धेत विचारला गेला नसावा. पुढे २०१४ मध्ये चीनच्या हुनान प्रांतातील हे लियांगत्साय या शेतकऱ्याची विजेवर चालणारी सुटकेस जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. सात किलो वजन, ताशी २० किलोमीटर वेग आणि एका चार्जिंगमध्ये ५० ते ६० किलोमीटर, असे तिचे वर्णन छापून आले होते. त्यानंतर २०१६ मध्ये शिकागोच्या मोडोबॅगने लोकांकडून आगाऊ पैसे जमवून हा प्रकार बाजारात आणला (काका, हा तुमच्या मुलीच्या गावचा उद्योग आहे), आणि पुढे चीनच्या एअरव्हीलने तो स्वस्त करून सर्वत्र पोहोचवला.

आता गंमत पाहा. मोडोबॅगचा कमाल वेग ताशी सुमारे १३ किलोमीटर आणि वजन नऊ किलोंच्या आसपास होते. आज विमानतळांवर सर्वाधिक दिसणाऱ्या एअरव्हीलच्या एसई३ मालिकेचा वेगही ताशी १३ किलोमीटरच आहे आणि वजनही त्याच घरात आहे. इतक्या वर्षांत वेग वाढला नाही आणि वजन घटले नाही, याचा अर्थ अभियंते झोपले होते असा नाही. त्यांना एका बाजूने विमानाच्या नियमाने आणि दुसऱ्या बाजूने माणसाच्या वजनाने बांधून ठेवले आहे.

विमानाचा नियम असा की १०० वॉट-तासांपर्यंतची (वॉट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे माप) लिथियम बॅटरी प्रवाशाला केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे प्रवाशाच्या सामानात ती नेताच येत नाही. एसई३ मालिकेची बॅटरी ७३.२६ वॉट-तासांची आहे. हा विचित्र आकडा कोठून आला हे ताडायला सोपे आहे : ३.७ व्होल्ट आणि ३.३ अँपिअर-तासांचा एक सेल १२.२१ वॉट-तासांचा होतो, आणि असे सहा सेल घेतले की बरोबर ७३.२६ येतात.

इतक्या विजेवर किती जाता येईल? माणूस ८० किलोंचा, बॅग नऊ किलोंची आणि आतले सामान सहा किलोंचे धरले, तर ९५ किलो होतात. गुळगुळीत फरशीवर लहान कठीण चाकांना पुढे ढकलायला वजनाच्या साधारण दोन टक्के बळ लागते, म्हणजे सुमारे १९ न्यूटन. एका किलोमीटरला त्याचे पाच वॉट-तासांहून थोडे अधिक होतात, आणि मोटर व इलेक्ट्रॉनिक्समधील तूट धरली की आठ. ७३ ला आठने भागा. नऊ किलोमीटर येतात. जाहिरातींत आठ ते दहा किलोमीटर लिहिलेले असते, ते या हिशेबात बसते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो. गालिच्यावर मात्र हेच बळ दुप्पट-तिप्पट लागते आणि पल्ला त्या प्रमाणात तीन-चार किलोमीटरांवर येतो. याच हिशेबाने २०१४ च्या त्या सुटकेसचे ६० किलोमीटर पाहिले तर ४८० वॉट-तासांची बॅटरी लागली असती, म्हणजे विनापरवानगीच्या १०० च्या मर्यादेच्या जवळजवळ पाचपट आणि परवानगीने चालणाऱ्या १६० च्याही तिप्पट. अशी बॅग रेल्वे स्टेशनवर कितीही मिरवली तरी विमानात चढली नसती.

राहिले वजन. पुष्कळांना वाटते की बॅग बॅटरीमुळे जड होते. तसे नाही. असा एक सेल पन्नास ग्रॅमांच्या आतबाहेर असतो, म्हणजे सहा सेलांचे मिळून जेमतेम तीनशे ग्रॅम झाले. जड असते ती चौकट. साध्या सुटकेसला फक्त कपड्यांचा भार सोसायचा असतो. येथे १०० किलोंचा माणूस बसणार, तो खड्ड्यावर आदळणार, वळताना एका कडेला झुकणार, म्हणून आतून ॲल्युमिनियमचा सांगाडा, जाड दांडा, चाकात बसवलेली मोटर आणि ब्रेक हे सगळे आले. या सांगाड्याने आतली जागाही खाल्ली आहे. त्याच आकाराच्या साध्या केबिन बॅगेच्या तुलनेत निम्म्याच्या जवळपास जागा उरते. ज्या दिवशी ही चौकट चार किलोंनी हलकी होईल, त्या दिवशी मीही एक घेईन.

चढाचेही सांगून ठेवतो. बारा फुटांत एक फूट चढणाऱ्या उतारवाटेवर, म्हणजे व्हीलचेअरसाठी बांधतात तशा वाटेवर, वर सांगितलेल्या बळाच्या पाचपट बळ लागते. तेथे ताशी १३ किलोमीटर विसरा. बॅग चालण्याच्या गतीवर येईल किंवा तुम्हाला उतरावे लागेल. विमानतळाबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर तर बसूच नये, कारण इतक्या लहान चाकाला दोन ब्लॉकांमधली फट ही खाईच वाटते.

दूरचा प्रवासी, पुणे

यंत्रकार, आपले गणित दोनदा वाचले आणि पटले. प्रवासिनी, नेलकटरचा प्रसंग घरी मोठ्याने वाचून दाखवला. दोघांचे मनापासून आभार.

माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. लंडनमार्गे जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या नियमांत केबिन बॅगेचे वजन २३ किलोंपर्यंत चालते असे दिसते, फक्त ती स्वतःला वर उचलून ठेवता आली पाहिजे. मग वजनाची अडचण मिटते ना? शिकागोला उतरल्यावर मुलीच्या घरापर्यंतच्या पदपथावरही ती चालवता येईल का? आणि गुडघ्याविषयी कोणीच काही लिहिलेले नाही.

ओसाकावासी

पदपथाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी बरीच वर्षे जपानमध्ये आहे आणि येथे या बॅगेवरून गेल्या काही वर्षांत बरेच रामायण झाले आहे.

मार्च २०२४ मध्ये ओसाका शहरात एका परदेशी विद्यार्थिनीची अशी बॅग पदपथावरून जाताना एका सायकलस्वाराला धडकली. पोलिसांनी तिच्याविरुद्ध विनापरवाना वाहन चालवल्याचे प्रकरण केले आणि जूनमध्ये त्याची बातमी आली. या प्रकारातले देशातील ते पहिलेच प्रकरण असल्याचे तेव्हा सांगितले गेले. जपानी कायद्याच्या दृष्टीने मोटर लावलेली आणि माणसाला वाहून नेणारी वस्तू म्हणजे वाहन. या बॅगेला दिवे नाहीत, आरसा नाही, क्रमांकाची पाटी नाही, म्हणजे रस्त्यावर आणण्याच्या अटी ती पुऱ्या करू शकत नाही, आणि पदपथावर तर तिला मुळीच थारा नाही. ओसाकाजवळील कान्साई आणि नागोयाजवळील चुबू या विमानतळांनीही प्रवाशांना आवारात तिच्यावर बसून फिरू नये, अशी विनंती केली आहे. अनेक पर्यटकांना हे ठाऊक नसते आणि मग ते बिचारे गोंधळतात. त्यांच्या देशात ती दुकानात उघडपणे विकली जाते.

युरोपातही फारसे वेगळे नाही. जर्मनीत लहान विद्युत वाहनांसाठी जून २०१९ पासून स्वतंत्र नियमावली आहे. त्यात मंजुरी, विम्याची पाटी, दिवे, ठरावीक उंचीचा दांडा असे सर्व काही लागते. फ्रँकफुर्ट विमानतळाच्या दारापलीकडे ही बॅग ओढतच न्यायची, असे समजून चाला. ब्रिटनमध्ये मोटरचे वाहन पदपथावर आणायला १८३५ च्या कायद्यानेच मनाई होते. अमेरिकेत गावागणिक नियम बदलतात, त्यामुळे शिकागोचे मुलीला महापालिकेकडे विचारायला सांगावे.

भारताचे म्हणाल तर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीच्या गाडीला मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे, परंतु त्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सुटकेस म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूकडे ते आहे का, हे विक्रेत्याला विचारून पाहा. माझ्या एका मित्राने विचारले होते, तेव्हा विक्रेत्याने त्याला बॅगेचे वॉरंटी कार्ड दाखवले.

प्रवासिनी, ठाणे

काका, गुडघ्याविषयी लिहायचे मी टाळले, कारण तुमचा हिरमोड करायचा नव्हता. मला स्वतःला गुडघ्याचा त्रास नाही, पण माझ्या सासूबाईंना आहे आणि त्यांनी एकदा हौसेने माझ्या बॅगेवर बसून पाहिले. बॅगेचा माथा अरुंद असतो आणि पाय पुढच्या लहान टेकूंवर ठेवायचे असल्यामुळे गुडघे बरेच दुमडून वर येतात. बसताना त्यांना काही जाणवले नाही. फेरी मारून त्या उतरू लागल्या तेव्हा मात्र गुडघा असा आखडला की मला त्यांना दोन्ही हातांनी उठवावे लागले. शिवाय थांबताना कधी पाय चटकन जमिनीला टेकवावा लागतो, आणि तो नेमका दुखरा पाय असला तर काय होईल ते तुम्हीच ओळखा. तेव्हा घेण्याआधी दुकानात दहा मिनिटे बसून, चार वेळा उतरून पाहा. नुसत्या चित्रफितींवर जाऊ नका; त्यांतली सगळी मंडळी पंचविशीतली असतात.

लंडनमार्गाचे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. हातातील सामानाच्या वजनाचा जाच आशियात आणि युरोपातील काही कंपन्यांत अधिक आहे. लुफ्तान्सा आठ किलो म्हणते, जपानच्या दोन्ही मोठ्या कंपन्या सगळे मिळून दहा किलो म्हणतात, तर अमेरिकेतील मोठ्या कंपन्या बहुधा वजन न पाहता फक्त आकार पाहतात. मात्र आकाराची गोम येथेही आहे. ब्रिटिश एअरवेजची मर्यादा ५६ बाय ४५ बाय २५ सेंटिमीटर आहे आणि ती चाके, मुठी धरून मोजायची असते. या बॅगा जाडीला आडव्या वाढतात, तेव्हा टेप घेऊनच दुकानात जा. विमान भरलेले असले तर गेटवर कोणतीही बॅग खाली सामानात टाकायला घेतात. त्या वेळी बॅटरी काढून स्वतःजवळ ठेवावी लागते. तिची टोके झाकणारी एखादी पिशवी किंवा चिकटपट्टी खिशात असू द्या. बॅटरीवर वॉट-तासांचा आकडा स्पष्ट छापलेला असणे अत्यंत आवश्यक आहे. माझ्या बॅटरीवरचा आकडा हाताळून पुसट झाला होता, आणि सुरक्षा तपासणीतील अधिकाऱ्यांनी भिंग मागवून तो वाचला. वाचता आला नसता तर बॅटरी तेथेच राहिली असती. त्यांचेही बरोबर आहे. दक्षिण कोरियात जानेवारी २०२५ मध्ये एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वी आगीत जळाले आणि संशय पॉवर बँकवर गेला, तेव्हापासून सर्वत्र बॅटरीकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात.

यंत्रकार, भोसरी

ताईंच्या मजकुरात एक भर घालतो. काही विक्रेते बॅटरीची क्षमता फक्त मिलीअँपिअर-तासांत सांगतात. तो आकडा हजाराने भागून व्होल्टने गुणला की वॉट-तास मिळतात. उदाहरणार्थ ३६ व्होल्ट आणि २६०० मिलीअँपिअर-तास असतील तर ९३.६ वॉट-तास होतात, म्हणजे चालेल. त्याच ३६ व्होल्टला ३००० असतील तर १०८ होतात आणि परवानगीचे लचांड मागे लागते. व्होल्ट न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

दूरचा प्रवासी, पुणे

सर्वांनी इतके मनापासून लिहिले की निर्णय सोपा झाला. काल लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानात जाऊन प्रवासिनींनी सांगितल्याप्रमाणे बसून पाहिले. पहिल्या तीन वेळा ठीक वाटले. चौथ्या वेळी उतरताना पत्नीचा हात धरावा लागला, आणि तिने काही न बोलता माझ्याकडे जे पाहिले त्यात सगळे आले. टेप नेला होता. जाडी २५ सेंटिमीटरच्या आत बसली नाही. व्होल्ट विचारले तर दुकानदाराने चार्जर दाखवला.

पुढच्या महिन्यात फ्रँकफुर्टमार्गेच जायचे आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार ४८ तास आधी कळवले की विमानतळावर मदत विनामूल्य मिळते, असे मुलीने शोधून सांगितले. त्याप्रमाणे आज विमान कंपनीला फोन करून बोगद्यापुरती व्हीलचेअर नोंदवली आहे. मुंबईला मात्र मी चालणार आहे.

यंत्रकार, ती चार किलोंनी हलकी चौकट बाजारात आली तर येथे अवश्य कळवा.